टाकीच्या नावात दडलेली आज्ञा

उजनी धरणापासून सोलापूर शंभर किलोमीटरहून लांब आहे. भीमेचं पाणी जलवाहिनीतून एवढा पल्ला गाठून पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं. तिथे तुरटी, गाळणी, क्लोरीन असे सगळे सोपस्कार होतात, पाणी शहरातल्या टाक्यांमध्ये चढतं आणि मग कुठे चावीवाला गल्लीच्या तोंडाशी येऊन व्हॉल्व्ह फिरवतो. सोलापुरात पाणी रोज येत नाही. आपल्या भागाची पाळी कोणत्या दिवशी, किती वाजता, हे घरातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतं. वाटेत एखादा पंप काही तास बंद पडला, तरी कुठल्या तरी पेठेची पाळी चुकते आणि पुढचे कितीतरी दिवस भांडीकुंडी रिकामी राहतात. पाण्याच्या बाबतीत हे शहर इतक्या काठावर जगतं, म्हणूनच पाणी सांभाळणाऱ्या संगणकांच्या सुरक्षेचा विषय इथल्या वाचकाला परका वाटू नये.

एवढ्या लांबलचक योजनेत पावलापावलावर माणूस उभा करता येत नाही. मग पंपाला, टाकीला, वाहिनीला संवेदक बसवतात. टाकीत पाणी किती मीटर, वाहिनीत दाब किती, मोटर चालू की बंद, क्लोरीन किती, हे आकडे एका खोलीतल्या पडद्यावर येतात. या व्यवस्थेला स्काडा म्हणतात आणि त्या पडद्याला डॅशबोर्ड. पूर्वी त्यासाठी खास यंत्रं आणि खास पडदे असत. आता अनेक ठिकाणी तो पडदा म्हणजे साध्या संगणकावर उघडलेलं ब्राउझरचं एक पान असतं. स्वस्त पडतं, शिकायला सोपं, मोबाइलवरही दिसतं. आणि ब्राउझर आला की त्याच्याबरोबर ब्राउझरचे जुने आजारही आले. त्यातलाच एक म्हणजे साठवलेलं क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, संगणक सुरक्षेतली मंडळी ज्याला थोडक्यात ‘स्टोअर्ड एक्सएसएस’ म्हणतात.

सप्टेंबर २०२५मध्ये टूनेट नावाच्या एका रशियाधार्जिण्या टोळीने एका जलशुद्धीकरण केंद्रात घुसखोरी केली. निदान त्यांचा समज तसा होता. प्रत्यक्षात ते केंद्र खोटं होतं. फोरस्काउट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी हल्लेखोरांचे हातखंडे पाहता यावेत म्हणून मांडलेला तो सापळा होता. आत ना पाणी होतं ना पंप, पण पडदा मात्र अगदी खऱ्या केंद्रासारखा. टोळीला आत शिरायला काहीच कष्ट पडले नाहीत. सॉफ्टवेअर बसवताना कारखान्यातून येतं तेच नाव आणि तोच पासवर्ड तिथे ठेवलेला होता. काही तासांनी त्यांनी ‘बारलाती’ नावाचं स्वतःचं खातं तयार केलं. मग सेटिंगच्या पानावरच्या एका वर्णनाच्या चौकटीत साध्या मजकुराऐवजी त्यांनी स्क्रिप्ट लिहिली आणि ती साठवली. त्यानंतर जो कोणी लॉगिनचं पान उघडेल, त्याच्यासमोर ‘बारलातीने हॅक केलं’ अशी चौकट उसळायची. एवढ्यावर ते थांबले नाहीत. ज्या नियंत्रकांकडून पडद्यावर आकडे येत होते त्यांच्या नोंदी त्यांनी काढून टाकल्या, यंत्रांना ठरवून दिलेले आकडे, म्हणजे सेटपॉइंट, बदलले, नोंदवह्या आणि धोक्याच्या घंटा बंद केल्या. पहिल्या शिरकावापासून मोडतोडीपर्यंत सुमारे २६ तास गेले. नंतर टेलिग्रामवर त्यांनी आपल्या पराक्रमाची फुशारकीही मारली.

ज्या फटीतून ती चौकट उसळली, ती स्काडा-बीआर या मुक्त स्रोताच्या सॉफ्टवेअरमधली होती. तिचा नोंद क्रमांक सीव्हीई-२०२१-२६८२९. क्रमांकातलं वर्ष पाहा. २०२१ पासून जगाला माहीत असलेली ही फट २०२५मध्येही कामाला येत होती. नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने ‘प्रत्यक्ष वापरल्या गेलेल्या फटीं’च्या यादीत तिचा समावेश केला आणि आपल्या सरकारी खात्यांना ती बुजवायला मुदत दिली. सोलापूरच्या किंवा आणखी कुठल्या गावच्या योजनेत हे सॉफ्टवेअर आहे असं मला सुचवायचं नाही. मला काळजी वाटते ती या जातीच्या चुकीची, कारण कोणत्याही कंपनीच्या, कुठल्याही पडद्यात ती सापडू शकते.

चूक नेमकी काय असते, ते जवळून पाहू. समजा, एका डॅशबोर्डवर टाकीचं नाव लिहायची चौकट आहे. अभियंता तिथे ‘जुळे सोलापूर, टाकी २’ असं लिहितो आणि ‘सेव्ह’ दाबतो. नाव डेटाबेसात जातं. उद्या ऑपरेटर पान उघडतो तेव्हा सर्व्हर ते नाव डेटाबेसातून काढून पानाच्या मजकुरात घालतो आणि ब्राउझरकडे धाडतो. ब्राउझरला दोन गोष्टी एकाच कागदावर मिळतात: दाखवायची अक्षरं, आणि ती कशी दाखवायची, त्यांचं काय करायचं याच्या सूचना. दोन्ही साध्या मजकुरातच लिहिलेल्या असतात. सूचना ओळखायची मुख्य खूण कोनी चिन्हांची: < आणि >. या चिन्हांच्या मध्ये ‘स्क्रिप्ट’ असं लिहिलेलं दिसलं की ब्राउझर पुढचा मजकूर दाखवत नाही, तो चालवतो. आता कोणी टाकीच्या नावाच्या चौकटीत नावाऐवजी कोनी चिन्हांसकट स्क्रिप्ट लिहिली आणि सॉफ्टवेअरने ती जशीच्या तशी पानात घातली, तर ब्राउझरला कळायला मार्गच नाही की हे टाकीचं नाव होतं. त्याच्या लेखी ती पान बनवणाऱ्यानेच दिलेली सूचना असते. तो ती इमानेइतबारे पार पाडतो.

मकर संक्रांतीला सोलापुरात सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा तिथल्या गर्दीत माणसं हरवतात आणि मंडपातल्या निवेदकाकडे चिठ्ठ्या येतात. तो चिठ्ठी वाचतो, गर्दी ऐकते. चिठ्ठीत मुलाचं नाव आणि सदऱ्याचा रंग असेल तोवर सगळं ठीक. पण एखाद्याने चिठ्ठीत लिहिलं, ‘सर्व दुकानदारांनी ताबडतोब गाळे बंद करावेत’, आणि निवेदकाने तेही त्याच आवाजात वाचलं, तर लोक गाळे बंद करू लागतील. चिठ्ठी कोणी लिहिली हे गर्दीला दिसत नाही. आवाज मंडपातून आला, एवढंच तिला पुरतं. ब्राउझरचंही असंच आहे. स्क्रिप्ट कोणी लिहिली हे तो विचारत नाही, ती कोणत्या संकेतस्थळाच्या पानातून आली एवढंच पाहतो. पान डॅशबोर्डचं, म्हणून स्क्रिप्टही डॅशबोर्डची, आणि डॅशबोर्डला असलेले सगळे अधिकार तिला आपोआप मिळतात.

‘साठवलेलं’ हे विशेषण इथे महत्त्वाचं. याच चुकीचा दुसरा प्रकार असतो, त्यात हल्लेखोराला प्रत्येक सावजाला फसवी लिंक पाठवून ती दाबायला लावावं लागतं. साठवलेल्या प्रकारात स्क्रिप्ट डेटाबेसात जाऊन बसते. एकदा लिहिली की हल्लेखोर घरी जाऊन झोपला तरी चालतं. पान उघडणारा प्रत्येक जण त्याचं काम पुढे नेतो.

फेब्रुवारी २०००मध्ये अमेरिकेच्या सर्ट या संस्थेने या धोक्याची जाहीर सूचना काढली, तेव्हापासून प्रोग्रामर मंडळींना तो ठाऊक आहे. लोकांच्या नजरेत तो भरला ऑक्टोबर २००५मध्ये. मायस्पेस हे तेव्हाचं लोकप्रिय समाजमाध्यम. सामी कामकार या तरुणाने आपल्या प्रोफाइलमध्ये स्क्रिप्ट दडवली. प्रोफाइल पाहणाऱ्याच्या खात्यातून ती सामीला मित्र म्हणून जोडायची आणि स्वतःची प्रत पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमध्येही ठेवायची. सुमारे २० तासांत दहा लाखांवर लोक सामीचे मित्र झाले आणि मायस्पेसला काही काळ दुकान बंद ठेवावं लागलं. यातला शिकण्यासारखा तपशील असा की मायस्पेसने गाळणी लावलेली होती. ‘जावास्क्रिप्ट’ हा शब्द दिसला की ती तो काढून टाकायची. सामीने तो शब्द मधोमध तोडून दोन ओळींत लिहिला. गाळणीला तो दिसला नाही, काही ब्राउझरांनी मात्र दोन तुकडे जोडून वाचला. वाईट शब्दांची यादी करून बचाव होत नाही, कारण ती यादी कधीच पुरी होत नाही.

मायस्पेसवर नुकसान झालं ते मित्रांच्या यादीचं. देखरेखीच्या पडद्यावर हीच चूक आली की तिचं वजन बदलतं, आणि याची कारणं त्या पडद्याच्या कामातच आहेत.

एक तर अशा पडद्यावर येणारा मजकूर माणसांनीच लिहिलेला असतो असं नाही. यंत्रं स्वतःचं नाव सांगतात, आपण कोणत्या इमारतीत आहोत हे सांगतात, बिघाडाचे संदेश आणि नोंदी पाठवतात. नेटवर्कवरच्या उपकरणांची विचारपूस करायला एसएनएमपी नावाची १९८८च्या सुमाराची बोली अजून सर्रास चालते. तिच्यात प्रत्येक उपकरणाला नाव, ठिकाण आणि संपर्क अशा चौकटी असतात. डॅशबोर्ड त्या वाचतो आणि पडद्यावर मांडतो. म्हणजे हल्लेखोराला डॅशबोर्डवर खातंही लागत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यातलं एखादं राउटर किंवा मोजणीयंत्र त्याच्या हाती लागलं आणि त्याच्या ‘ठिकाणा’च्या चौकटीत त्याने स्क्रिप्ट लिहिली, की देखरेखीचं सॉफ्टवेअर स्वतः जाऊन ती घेऊन येतं. प्रोग्रामरच्या मनात ‘हे तर आपल्याच यंत्राकडून आलंय’ असा भाव असतो आणि छाननी राहून जाते. देखरेखीच्या साधनांत ही चूक पुन्हा पुन्हा सापडते, तिचं मूळ मला या विश्वासात दिसतं.

दुसरं म्हणजे पाहणारा कोण. समाजमाध्यमावर पान पाहणारा तुमच्या-आमच्यासारखा कोणीही असतो. देखरेखीच्या पडद्यासमोर बसणारा माणूस मात्र अधिकाराचा असतो. पंप बंद करण्याचा, घंटा गप्प करण्याचा, नवीन खातं उघडण्याचा अधिकार त्याच्या लॉगिनला असतो. त्याच्या ब्राउझरात चालणारी स्क्रिप्ट त्याच्याच नावाने, त्याच्याच हक्काने या सगळ्या आज्ञा देऊ शकते. अनेकांना वाटतं की स्क्रिप्ट फक्त लॉगिनची कुकी, म्हणजे ब्राउझरात ठेवलेली ओळखीची खूण, चोरते आणि कुकी लपवली की संकट टळलं. तसं नाही. चोरायची गरजच नसते. ऑपरेटर जे बटण दाबू शकतो ते स्क्रिप्ट त्याच पानातून, त्याच्या नकळत दाबू शकते. बाहेरून येणाऱ्या बनावट विनंत्या ओळखायला पानात गुप्त टोकन ठेवतात, तेही पानातच असल्यामुळे तिला वाचता येतं. सर्व्हरच्या नोंदवहीत हे काम ऑपरेटरनेच केलं अशी नोंद पडते. उद्या चौकशी झाली तर त्या माणसाने काय सांगायचं?

तिसरं, हा पडदा कधी बंद होत नाही. तो रात्रंदिवस भिंतीवर चालू असतो आणि दर काही सेकंदांनी स्वतःच ताजा होतो. कोणी क्लिक करण्याची वाट पाहावी लागत नाही.

आणि सगळ्यात काळजीची बाब म्हणजे स्क्रिप्टला पानातला कुठलाही आकडा बदलून दाखवता येतो. टाकी रिकामी होत असताना पडद्यावर पातळी साडेचार मीटर दिसू शकते. क्लोरीनचा आकडा लाल व्हायला हवा तिथे हिरवा राहू शकतो. पंपाच्या नियंत्रकाला हात न लावता, फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यावर पडदा टाकून योजना आंधळी करता येते. खाली यंत्र खरं बोलत असतं, वर ऑपरेटरला खोटं दिसत असतं. मधल्या काही तासांत काय घडेल, हे पाण्याच्या पाळ्यांवर जगणाऱ्या शहराला समजावून सांगायला नको.

पाण्याइतकीच ही गोष्ट विजेला लागू आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचं वीजजाळं उर्वरित देशाच्या जाळ्याशी एका ठेक्यात जोडलं गेलं. म्हणजे देशाचं वीजजाळं एक झालं ते सोलापूरच्या दारात. अशा वाहिन्यांची चाल पडद्यांवरच पाहिली जाते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. त्यामागे सायबर हल्ला होता का, यावर राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांचं म्हणणं पुढे जुळलं नाही. पण वीज, पाणी सांभाळणाऱ्या खोल्यांमधले संगणक हा सार्वजनिक काळजीचा विषय आहे, हे महाराष्ट्रात सामान्य माणसाच्या कानावर ठळकपणे पडलं ते त्या निमित्ताने.

स्काडाच्या बाहेरचं एक उदाहरण पाहण्यासारखं आहे. ग्राफाना हे आज जगभर वापरलं जाणारं डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर. त्यात नकाशा दाखवायची सोय आहे, आणि नकाशाच्या कोपऱ्यात ‘नकाशा कोणाच्या सौजन्याने’ असं बारीक अक्षरात लिहायची जागा. ती ओळ कोण वाचतो? २०२३च्या सुरुवातीला उघड झालं की त्या ओळीतल्या मजकुराची नीट छाननी होत नव्हती. डॅशबोर्ड संपादित करण्याचा अधिकार असलेला माणूस तिथे स्क्रिप्ट लिहू शकत होता, आणि सर्वोच्च अधिकाराच्या प्रशासकाने तो नकाशा नुसता पाहिला तरी त्याच्या खात्याचा पासवर्ड बदलता येत होता. संपादकाचा प्रशासक होण्याचा रस्ता नकाशाच्या तळटीपेतून जात होता. ग्राफानाने दुरुस्त आवृत्त्या लगेच दिल्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण सुरक्षेचा विचार करणारे लोक मोठ्या दरवाजांवर पहारा देतात आणि चूक बहुधा अशाच एखाद्या कोपऱ्यात राहते, जिथे कोणी पाहतच नाही.

अशा फटींना गुण देण्याची एक जागतिक पद्धत आहे, शून्य ते दहा. स्काडा-बीआरच्या त्या फटीला ५.४ गुण मिळाले होते, म्हणजे ‘मध्यम’. कारणही तर्काला धरून आहे: आधी लॉगिन लागतं, मग कोणाला तरी पान उघडावं लागतं. पण कारखान्याचा पासवर्ड बदललेला नसेल तर लॉगिन हा अडथळाच राहत नाही, आणि पान तर चोवीस तास उघडंच असतं. गुण देणाऱ्याला तुमची खोली दिसत नसते. ‘मध्यम आहे, पुढच्या वर्षी पाहू’ असं म्हणून जी कामं मागे टाकली जातात, त्यांत पाण्याच्या पडद्यावरची अशी फट असू नये, असं माझं ठाम मत आहे.

इलाज कठीण नाही, हीच या गोष्टीतली हळहळ. बाहेरून आलेला मजकूर पानात घालताना त्यातली कोनी चिन्हं बदलून टाकायची. < च्या जागी ब्राउझरला समजेल अशी दुसरी खूण लिहायची, तिचा अर्थ ‘इथे हे चिन्ह नुसतं दाखव, सूचना समजू नकोस’. मग स्क्रिप्ट लिहिलेली चौकट पडद्यावर निरुपद्रवी अक्षरांसारखी दिसते. यातली मेख अशी की हे काम मजकूर पानात उतरवताना करायचं असतं, तो आत घेताना नाही. कारण एकच नाव कधी पानाच्या अंगात जातं, कधी एखाद्या खुणेच्या आत, कधी स्क्रिप्टच्या मध्ये, कधी दुव्यात, आणि प्रत्येक जागेचे नियम वेगळे. आजची चांगली वेब-साधनं हे बहुतांशी आपोआप करतात. अडचण येते ती ‘टाकीचं नाव ठळक करू, रंगीत करू, शेजारी लोगो लावू’ असा आग्रह धरला की. तेव्हा प्रोग्रामर ती आपोआप होणारी छाननी मुद्दाम बंद करतो.

त्याखेरीज आणखी एक कवच असतं. या पानात फक्त अमुक ठिकाणहून आलेल्या स्क्रिप्टच चालव, पानात मध्येच लिहिलेली चालवू नकोस, असं सर्व्हर ब्राउझरला आधीच बजावून ठेवू शकतो. एखाद्या चौकटीत छाननी राहून गेली तरी हे कवच बहुधा तारून नेतं. जुन्या डॅशबोर्डांना ते लावायला गेलं की अर्धी पानं मोडतात, म्हणून ते लावायचं टाळलं जातं. मग निदान एवढं करावं: ज्या संगणकावरून पंप चालवायचे त्यावर दुसरं काही उघडू नये, भिंतीवरच्या पडद्याला फक्त पाहण्याचा अधिकार द्यावा, आणि पडद्यावरचा आकडा रोज एकदा तरी टाकीवर जाऊन पट्टीने पडताळावा. हे शेवटचं काम आपल्या योजनांवरचे जुने ऑपरेटर कोणी न सांगता करतात. ती सवय मोडू देऊ नये. स्क्रिप्टला पडदा बदलता येतो, टाकीतली पट्टी बदलता येत नाही.

जानेवारी २०१६मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव होतं. अशा योजनांत संवेदक, कॅमेरे आणि पडदे खरेदी होतात, निविदा निघतात. निविदेत पडदा किती इंचांचा, हमी किती वर्षांची, हे काटेकोर लिहिलेलं असतं. त्यात आणखी चार ओळी असाव्यात: सॉफ्टवेअरची सुरक्षा तपासणी सर्ट-इनच्या यादीतल्या संस्थेकडून झालेली असावी, फट जाहीर झाल्यावर किती दिवसांत दुरुस्ती मिळणार, कारखान्याचे पासवर्ड बदलल्याशिवाय यंत्रणा ताब्यात घेतली जाणार नाही, आणि दुरुस्तीचा खर्च कोणाचा. सर्ट-इन ही आपल्या देशाची सायबर आपत्तींची नोडल संस्था. तिच्या एप्रिल २०२२च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवणं बंधनकारक आहे. ‘बारलाती’सारखी चौकट एखाद्या पडद्यावर उसळली तर संगणक बंद करून पुन्हा सुरू करण्याआधी पडद्याचा फोटो काढावा आणि सर्ट-इनला कळवावं.

यंत्रणा ताब्यात घेताना करायची एक सोपी तपासणी आहे. अभियंत्याने, कंपनीच्या माणसासमोर आणि लेखी परवानगीने, चाचणीच्या संचावर टाकीच्या नावाच्या चौकटीत नावाच्या आधी कोनी चिन्हांमध्ये ‘ठळक कर’ ही निरुपद्रवी सूचना लिहावी आणि नाव साठवावं. पडद्यावर ती चिन्हं जशीच्या तशी दिसली तर चौकटीने पहिली परीक्षा पार केली. चिन्हं गायब होऊन नाव ठळक दिसलं तर ब्राउझरने नावातली आज्ञा पाळली आहे, आणि त्या चौकटीची कसून तपासणी होऊन ती दुरुस्त होईपर्यंत बिलावर सही करू नये. हीच परीक्षा मग पंपाच्या नावाला, शेऱ्याच्या रकान्याला, धोक्याच्या संदेशाला आणि नकाशाच्या तळटीपेलाही लावावी.